दुरुस्तीसह कायम

इतिवृत्तात काय झालं तेवढंच लिहायचं,
कोण काय बोललं ते नाही :
पोटनियम अकरा, कलम दोन.
अकरा वर्षं मी तो पाळते आहे,
प्राध्यापक सभेची चिटणीस, पगार अर्धवेळचा.
म्हणून हे इथे, दुसऱ्या कागदावर.

फेब्रुवारीतला तिसरा मंगळवार.
सुपीरिअर सरोवर धक्क्यापर्यंत गोठलेलं,
खनिजाच्या बोटी मार्चअखेरपर्यंत बंद,
आणि खोली दोनशे चौदामधला हीटर
आत कुणी बसून चमचा आपटावा तसा वाजत होता.
सभासद सेहेचाळीस. गणपूर्तीला चोवीस.
भूगर्भशास्त्राच्या ट्रेम्बाथनी दोनदा डोकी मोजली.
चोवीस. बरोबर काठावर.

विषय क्रमांक पाच :
फिनिश भाषा विभाग आधुनिक भाषांत विलीन करणे.
विभागात कायम प्राध्यापक एक, आउने काउप्पिला.
आणि ज्या विभागात दोनहून कमी कायम
त्याला या सभेत खुर्ची नाही.
कलम चार, पोटकलम तीन.

ते लिहिलं होतं तिनेच, सत्तावीस वर्षांपूर्वी.
दुग्धशास्त्रात तेव्हा एकटे ओल्सन उरले होते,
ठराव पेन्सिलींचा असो की पेन्शनीचा,
ते चाळीस मिनिटं बोलायचे.
मसुदा माझ्या कपाटात आहे,
समासात तिचं बारीक अक्षर : माणूस बघून नियम नको.
ओल्सन त्याच वसंतात गावी गेले.
गाई पाळल्या म्हणतात.

चर्चा झाली.
इथे लिहिता आली असती, पण लिहिण्याजोगं काही नव्हतं.
दुर्दैवाने हा शब्द सहा वेळा आला,
पटसंख्या चौदा वेळा.

मग ती उठली.
कोट हातावर घेतला
आणि दाराकडे निघाली.

एक माणूस बाहेर, की सभा मोडते.
सभा मोडली, की ठराव जातो सप्टेंबरवर.
सप्टेंबरपर्यंत कुलगुरू बदलतात, अंदाजपत्रक बदलतं,
निदान बर्फ तरी वितळतो.
अध्यक्ष मार्केट्टीबाईंनी हातोडी टेबलावर आडवी ठेवली.
मी वेळ टिपली, चार सतरा.
मनात म्हटलं, जा, आउने. जा गं.

कॉफीचा थर्मास बाहेर कॉरिडॉरमध्ये होता.
तिने एक पाय उंबऱ्याच्या आत रोवला,
हात लांबवून कप भरला,
साखर विसरली, पुन्हा वाकली,
आणि येऊन बसली जागेवर.
कोट मांडीवर.
मतं घ्या, म्हणाली.

बाजूने तेरा. विरोधात आठ. तटस्थ दोन.
अध्यक्ष मत देत नाहीत.
आठांत तिचा हात होता, कोपरातून सरळ.

आयत्या वेळचे विषय : एक, तिचाच.
आजवरच्या सगळ्या इतिवृत्तांत
माझ्या नावातला एक प राहिलाय.
काउपिला नव्हे, काउप्पिला.
तिथे ओठ मिटतात, क्षणभर थांबतात,
मग पुढचं अक्षर.
तिने म्हणून दाखवलं.
का कोण जाणे, ट्रेम्बाथनी म्हणून पाहिलं,
मग रसायनशास्त्राने, मग नर्सिंगच्या दोघींनी,
मग तेरांतल्या तेरांनी,
कुणी फार थांबत होतं, कुणी थांबतच नव्हतं,
आणि ती प्रत्येकाचं ऐकून घेत होती,
मान हलवत, नाही, पुन्हा.
चार एकेचाळीसपर्यंत हे चाललं.

मी लिहिलं :
मागील इतिवृत्ते दुरुस्तीसह कायम.

नवी नामपाटी दुसऱ्याच दिवशी मागवली होती मी,
दोन प असलेली.
डेट्रॉईटहून यायला पाच आठवडे लागले.
तोवर मार्चची सभा होऊन गेली,
पंचेचाळीस खुर्च्यांची, गणपूर्ती तेवीस.
सही करून पाकीट ताब्यात घेतलं.
अठरा डॉलर चाळीस सेंट.
कुठल्या विभागाच्या खात्यावर टाकायचे
ते अजून कळत नाहीये.